कॉइलवाल्या मावशींचा अँप्लिफायर

कॉइलवाल्या मावशींना स्पीकरमधला घुंऽऽ आवाज सहन व्हायचा नाही. लग्नात जेवताना तो कानावर आला, की त्या भरल्या पानावरून उठून साउंडवाल्यासमोर उभ्या राहायच्या. "गाणं ऱ्हाऊ दे, आदी हा भुंगा काढ," असं त्याला सुनवायच्या. आमच्या बोईसरच्या कॉलनीत सगळे त्यांना हसायचे. मीही हसले आहे, आणि त्याची आज मला चीड येते.

मावशी मूळच्या सफाळ्याच्या. कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या आणि घरी येऊन अँप्लिफायर बनवायच्या. ट्रान्सफॉर्मर स्क्रूनं पक्का करण्याआधी तो पेटीत सुटा ठेवत. एक कान स्पीकरला लावून लाकडी पट्टीनं त्याला जरा जरा फिरवत. "हां, इथं गप झाला बग," म्हणत आणि तिथं पेन्सिलीनं खूण करत. एवढं डोळ्यांनी पाहूनही लोक विचारायचे, "यजमानांनी बनवला का हो?" मावशी फणकारायच्या, "त्यांना फ्यूज बदलाया येत नाय!"

आवाज नुसता बंद करणाऱ्यांवर त्यांचा फार राग. "तो का येतो ते इचारायचं. तोंड दाबून काय उपेग?" हे मी शंभरदा ऐकलं होतं. ऐकून काय उजेड पाडला, ते सांगते.

नवापूरच्या बायकांच्या भजनी मंडळात मी टाळ वाजवते. मंडळासाठी मावशींचा अँप्लिफायर मीच सुचवला होता. कार्यक्रमाच्या दुपारी तो लावला आणि घुंऽऽ सुरू झालं. मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "अँप्लिफायर एका बोर्डावर आन् मिक्सर दुसऱ्यावर लावलाय ना? दोनी एकाच बोर्डावर पायजेत. लांब वायर घेऊन येते. तोवर हात लावू नका." तासाभराचा प्रश्न होता. पण अध्यक्षीणबाईंचा भाचा साउंड सांभाळत होता, त्याला कुठला धीर! "अर्थिंगची पिन उडवली की झालं," म्हणाला आणि पक्कड मागितली. ती मी दिली. त्यानं अँप्लिफायरच्या प्लगची पिन कापली, घुं थांबलं, आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे अँप्लिफायर ठेवलेलं लोखंडी टेबल सरकवताना त्याच्या पायाखाली वायर चेपली. टेबलात करंट उतरला, तिथून अँप्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटीतून माइकमध्ये. पिन जागेवर असती तर फ्यूज तत्क्षणी उडाला असता. मंडळात गाणाऱ्या नलूताईंनी माइक धरला आणि त्या किंचाळून मागे पडल्या. तळहात भाजला, मनगट मोडलं. जीव वाचला, एवढंच.

मावशी वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन पोहोचल्या, तेव्हा अध्यक्षीणबाई ओरडत होत्या, "बाईमाणसानं घरी जोडलेलं मशीन, दुसरं काय होणार?" मावशींनी प्लग उचलून पाहिला. "पिन कोनी कापली?" त्यांनी एकेकीला विचारलं. मलाही विचारलं. मी मान खाली घातली. भाचा अध्यक्षीणबाईंचा, पक्कड माझी. लाज वाटते म्हणणं फार सोपं आहे. मी भेकडासारखी वागले.

त्यानंतर मावशींचा अँप्लिफायर कुणी घेतला नाही. ज्यांच्या घरी आधीचे होते, त्यांनी तेही अडगळीत टाकले. मावशी दातिवऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. तिथं जाऊन मी सगळं कबूल केलं. त्या रडल्या नाहीत, मला शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माज्याकडं कशाला सांगतीस? जिथं गप बसलीस, तिथं जाऊन सांग."

मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. मावशी गेल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे नवापूरला गेले. भजन थांबवून उभी राहिले आणि पिन, पक्कड, भाच्याचं नाव, सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता गहजब होईल. कुणी हललंही नाही.

नलूताई आपला चुरमुडलेला तळहात पदराखाली घेत म्हणाल्या, "आमाला म्हाईत हाय गं. त्यानं पिन कापली तवा आमी समद्या तिथंच नव्हतो का?"