आईच्या चित्रातला दुसरा ठिपका

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. ठरलेली रक्कम साडेआठ हजार, त्यातले चार हजार आगाऊ. ठिकाण – झरी, मावशीची ओसरी. हजर – मी, माझी बायको सुनंदा, कौसामावशी आणि पाथरीचे रशीदभाई पेंटर.

हे सगळं आधीच लिहितो, कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तीस वर्षं नोकरीत मी दुसऱ्यांची बिलं तपासली. कागद असेल तर खरं, एवढंच मला कळतं.

माझ्या आईचा, सुलोचनाचा, मात्र एकही कागद नाही, फोटो नाही. ती गेली तेव्हा मी पावणेदोन वर्षांचा होतो. तिला पाहिलेली आता एकटी तिची धाकटी बहीण उरली होती, कौसामावशी. मावशीला काचबिंदू. नजर फार तर दोन-तीन महिने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले... म्हणून घाई करून आईचं तैलचित्र काढायला दिलं.

मावशीनं सांगायचं, रशीदभाईंनी पेन्सिलनं काढायचं. चार रविवार हे चाललं. चारही वेळा मी सोबत होतो.

"नाक बसकं कर जरा. सुली काय राजाची रानी न्हवती!"

"मौशी, आत्ता तर तुम्हीच उंच म्हनले!"

"तवा चुकलं आसंल. माजी बहीन हाय का तुजी?"

हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका, तो मधोमध, हेही मावशीनं सांगितलं. सातवा कागद तिनं डोळ्यांजवळ धरला, उजेडाकडे तिरपा केला. मग म्हणाली, "हां... आली बग."

त्यावरून रशीदभाईंनी पाथरीला घरी रंगकाम केलं. २० एप्रिलला ते चित्र घेऊन झरीला आले. पण त्याआधी आठच दिवस मावशीची नजर पूर्ण गेली होती. रंगातला चेहरा आईचा आहे की कुणा परक्या बाईचा, हे सांगणारं आता कुणीच नव्हतं. मी चित्राकडे पाहत राहिलो... मला काहीच ओळखीचं वाटेना.

आणि हनुवटीवर ठिपके दोन! मधल्याच्या खाली, जरा डावीकडे, एक बारीक वाकडा ठिपका.

रशीदभाई खाली बघत म्हणाले, "साहेब, तो माझा नाय. दोन बार टर्पेंटाइननं पुसला. सकाळी बघावं तर परत हाय."

मी पाचशे कापले आणि चार हजार दिले.

सुनंदानं मावशीचा हात धरून चित्रावर ठेवला. रंग जाड होता. बोटं कपाळावरून नाकावर, तिथून हनुवटीवर आली आणि थांबली.

"दिल्या... ह्यो दुसरा कुनी सांगितला?"

"चुकून उडालाय, मावशी," मी म्हणालो.

"उडाला कसा? म्या काढलाय. तिच्या हळदीच्या आदल्या दिशी, बाभळीच्या काट्यानं. वाकडा झाला म्हनून लय हासलो. माय मारंल म्हनून सगळ्यायला तीळ हाय म्हनून सांगितलं. सुलीनं शपत घातली हुती, म्हनून तुमाला बी बोलले न्हाई." मग हळूच म्हणाली, "गोंदायचे चार आने देते म्हनली हुती. दोनदा म्हायेरी आली, दोनदा इसरली. तिसऱ्यांदा आलीच न्हाई."

माझ्या आईबद्दल कुणी मला इतकं कधी सांगितलं नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी मी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो.

नंतर शंका घेतल्याच. मावशी आणि रशीदभाई माझ्या माघारी कधी भेटले नाहीत. तिच्याकडे फोन नाही. ब्रश झटकताना थेंब उडाला म्हणावं, तर तो हिरवट-काळा रंग बाकी चित्रात कुठेच नाही. उत्तर सापडलं नाही. आता शोधतही नाही.

पाचशे परत द्यायला पाथरीला गेलो. रशीदभाई म्हणाले, "जो ठिपका मी लावलाच नाय, त्याचे पैसे कसे घेऊ?"

ती नोट मावशीच्या हातात दिली. तिनं चाचपून परत केली. "चारच आने ठरलं हुतं."

सुनंदाच्या जुन्या डब्यात चलनातून बंद झालेली एक पावली निघाली, चार आण्यांची. मावशीनं ती अंगठ्यानं ओळखली आणि पदराच्या गाठीत बांधली.

अखेर दिलेली रक्कम – रशीदभाईंना आठ हजार. कौसामावशीला चार आणे. सुलोचनाकडून, हस्ते मुलगा.