जिचं तिला

आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या मॅनेजरबाई हुपरीच्या. परगावी स्पर्धेला निघालो की एसटीत इंजिनापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. मी कोच असून पोरी ऐकतात त्यांचंच. मॅचआधी सगळ्यांची कानातली उतरवून त्या आपल्या रुमालात बांधतात, आणि कुठलं कुणाचं हे त्यांना न विचारता कळतं.

यंदा साताऱ्यात शेवटचा फ्री थ्रो हुकला, एका गुणानं हरलो. तो हुकवणाऱ्या पोरीशी कुणी बोलेना. मी भाषण द्यायला उठलो.

"सर, तुम्ही बसा की." बाईंनी रुमाल त्या पोरीच्या हातात कोंबला. "रडतीस काय? ऊठ. जिचं तिला विचारून दे."

पोर मान खाली घालून कॅप्टनपुढं उभी राहिली. "तुझं कुठलं?"

"निळ्या खड्याचं," म्हणत कॅप्टननं कान पुढं केला. "तूच घाल की."