‘नाही’ लिहिणाऱ्यांची यादी

ब्रशकाकांवर लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. त्यांना पंधरा-वीस वर्षं ओळखणारी माणसं आमच्या कॉलेजात आहेत आणि त्यांतली काही चांगलं लिहितात. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजवरचं माझं लिखाण म्हणजे उत्तरपत्रिका आणि स्कॉलरशिपचे अर्ज. शिवाय काकांच्या बाबतीत मी एकदा खोटं लिहिलेलं आहे. ते पुढे येईलच. या वेळी खरं लिहायचा प्रयत्न करतो.

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, काकांच्या खिशात दाढीचा ब्रश असायचा. रोज सकाळी खोली नंबर सातचं कुलूप उघडलं की पंखे लावायच्या आधी ते एकेका की-बोर्डवरून तो ब्रश फिरवत. अक्षरांच्या फटींतून काय निघालं त्यावरून कोण बसलं होतं हे ओळखत. “चार नंबरवर काल भडंग खाल्लंय. म्हणजे सांगलीकर,” असं म्हणून ते त्या मुलाला हाक मारत आणि ब्रश त्याच्या हातात देत. रागवत नसत. तो मुलगा परत कधी भडंग घेऊन यायचा नाही.

पदाने ते प्रयोगशाळा साहाय्यक होते. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हणालो तर म्हणाले, “सर वरच्या मजल्यावर. इथे मी आणि यंत्रं.” त्या खोलीत अठ्ठावीस कॉम्प्युटर होते आणि त्यांतले बरेचसे माझ्या धाकट्या भावापेक्षा वयाने मोठे. पण त्यांना कुणी ‘जुने’ म्हटलेलं काकांना खपत नसे. “जुना नाही, वापरातला,” ते लगेच दुरुस्त करत. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही अशी आम्ही सगळी मुलं आमची प्रॅक्टिकल्स आणि प्रोजेक्ट त्या वापरातल्या कॉम्प्युटरांवर करायचो. मी स्वारगेटजवळ कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत पाच खाटा आणि एकच टेबल, त्यावर इस्त्री. मला सात नंबरशिवाय दुसरी जागा नव्हती.

खोलीचा एक नियम होता. नव्या मुलाला पासवर्ड मिळण्याआधी त्याने एका कॉम्प्युटरचं झाकण उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासायचं आणि पट्टी परत बसवून मशिन सुरू करून दाखवायचं. हे अभ्यासक्रमात कुठेही नाही. माझी पाळी आली तेव्हा मी पट्टी नीट दाबली नाही. बटण दाबल्याबरोबर मशिन पीं-पीं करत ओरडायला लागलं. काहीतरी महागाचं मोडलं असं वाटून मी दप्तर उचललं आणि दाराकडे निघालो.

“कुठे निघालास?” काकांनी खुर्चीतूनच विचारलं.

“काका, बिघडलं बहुतेक.”

“बिघडलेलं गप्प बसतं. हे ओरडतंय, म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंय. जा, ऐकून घे.”

मी पट्टी परत काढून परत बसवली. खट् असा आवाज आला आणि पडदा उजळला. काकांनी पासवर्ड कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिला. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं की मी आज कॉम्प्युटर दुरुस्त केला. ते पूर्ण खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं.

काकांची मतं सगळ्या कॉलेजला पाठ होती. वर्गातल्या एकाने नवा फोन आणला आणि त्याचा कॅमेरा किती भारी आहे ते काकांना ऐकवलं. काकांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “छान आहे. यातून तुझा राहिलेला मॅथ्सचा पेपर निघतो का बघ.” अपडेटबद्दल म्हणायचे, “भाडेकरू येतो, मालकाला न विचारता भिंत पाडतो, आणि वर विचारतो, आवडलं का?” स्वतः ते बटणांचा फोन वापरत. त्याबद्दल कुणी चिडवलं तर म्हणत, “मला बोलायचं असतं. तुला काय करायचं असतं?”

गेम खेळायला मात्र त्यांची बंदी नव्हती. रोज पाच ते साडेपाच ही अधिकृत वेळ. त्यांच्या मते गेम ही तपासणी होती. “दवाखान्यात पेशंटला चार पावलं चालून दाखवायला लावतात ना, तसं.” सहा मशिनं तारेने जोडून गाड्यांची शर्यत लागायची आणि सहाव्या मशिनवर काका बसायचे. ते कुणाला ओव्हरटेक करत नसत. वळणावर वेग कमी करत, डाव्या बाजूने चालत, आणि सगळ्यांची शर्यत संपून चहा पिऊन झाला तरी त्यांची गाडी रस्त्यावरच असे. आम्ही हसलो की ते पडद्यावर बोट ठेवून म्हणत, “तुमच्या गाड्या बघा आणि माझी बघा. एक ओरखडा दाखवा.”

सुट्टीच्या दिवशी ते बुधवार पेठेत सुटे भाग शोधत फिरत. दोनदा मीही बरोबर गेलो. एका बोळातल्या दुकानदाराशी, बाबूभाईंशी, त्यांची जुनी दोस्ती होती. काकांनी चिठ्ठी पुढे केली की बाबूभाई चष्मा कपाळावर चढवून म्हणत, “काका, ही रॅम आता म्युझियममध्ये मिळते.” काका म्हणत, “म्हणूनच तुझ्याकडे आलो.” मग दोघंही खोकी उपसायला बसत आणि ती रॅम सापडत असे.

मागच्या मार्च महिन्यात खोली नंबर सात बंद करायचा विचार निघाला. आता सगळ्या मुलांकडे लॅपटॉप असतात, तेव्हा तिथे व्हिडिओ करायचा स्टुडिओ काढावा, असं काही जणांचं म्हणणं होतं. प्राचार्य मॅडमनी सांगितलं की आधी मुलांना विचारा. म्हणून वर्गावर्गात एक कागद फिरला. नाव, आणि पुढे ‘स्वतःचा लॅपटॉप आहे / नाही’. कागद पहिल्या बाकावरून निघाला. पहिलं नाव प्राचीचं होतं. ती वर्गात पहिली येते. तिने लिहिलं, ‘आहे’. तिच्या शेजारणीने ते पाहिलं आणि लिहिलं, ‘आहे’. कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा वरपासून खालपर्यंत ‘आहे’ची एक सरळ रांग उभी होती. माझ्या मागचा मुलगा खांद्यावरून वाकून बघत होता. मीही लिहिलं, ‘आहे’.

ते कागद टाइप करायचं काम काकांकडेच आलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे अकरा नंबरच्या मशिनवर बसलो होतो. काका समोर बसून एकेक नाव टाइप करत होते. मध्येच त्यांची बोटं थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, “लॅपटॉप घेतलास? पेढे नाही दिलेस.”

खोलीत त्या वेळी नऊ-दहा मुलं होती. त्या सगळ्यांनीच ‘आहे’ लिहिलेलं होतं. कुणी मान वर केली नाही.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, “काका, माझं बदला ना.”

“मी नाही बदलायचं. अक्षर तुझं आहे.” त्यांनी क्षणभर वाट पाहिली. माझं पेन माझ्याच खिशात होतं आणि कागद टेबलावर होता. मागे सगळे बसले होते. मी पेन काढलं नाही. काकांनी माझ्या नावापुढे ‘आहे’ टाइप केलं आणि पुढच्या नावावर गेले.

त्या यादीवरून खोली बंद करायचं ठरलं, आणि मे महिन्याच्या शेवटी काका निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये हार आणि श्रीफळ झालं. मग त्यांनी घरून आणलेल्या जुन्या चादरी अठ्ठावीस मशिनांवर घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात दिली. वाईजवळ त्यांचं गाव आहे, तिकडे गेले. मी गेटपर्यंत पोचवायला गेलो होतो. काकांनी त्या कागदाचा विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. “पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी मशिनं चालू करायला सांग कुणाला तरी. दमट हवेने जातात,” एवढंच म्हणाले. मी पावसाळ्यात ऑफिसात दोनदा विचारलं. भंगारवाला येऊन बघून गेलाय, असं कळलं.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारी मी सरांकडे दोन मिनिटं मागून घेतली आणि वर्गासमोर उभा राहिलो. मला बोलता येत नाही, म्हणून वाक्यं पाठ केली होती. “माझ्याकडे लॅपटॉप नाही. मार्चमध्ये मी आहे असं लिहिलं. ते खोटं होतं. सात नंबर त्यामुळे बंद झाली.”

मागून कुणीतरी विचारलं, “मग रोज एवढ्या मोठ्या बॅगेत काय आणतोस? विटा?”

“डबा,” मी म्हणालो. वर्ग हसला. मी कोऱ्या कागदावर सगळ्यांसमोर माझं नाव लिहिलं, पुढे ‘नाही’ लिहिलं आणि कागद पहिल्या बाकावर ठेवला.

प्राचीने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, “माझा लॅपटॉप दादाचा आहे. रविवारी मिळतो.” तिने लिहिलं, ‘नाही’.

कागद बाकावरून बाकावर गेला. पुढचे दहा दिवस मी आणि प्राची बाकीच्या वर्गांत फिरलो. प्रत्येक ठिकाणी आधी आमची नावं वाचून दाखवायची, मग कागद पुढे करायचा. सत्तावन्न नावं झाली. ती यादी आम्ही प्राचार्य मॅडमकडे नेली. त्यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. “यातल्या कुठल्या यादीवर मी विश्वास ठेवायचा?”

“मॅडम, या नव्या यादीवर,” मी म्हणालो. “ही लिहिताना सगळ्यांना लाज वाटली आहे.”

त्यांनी दोन्ही याद्या ठेवून घेतल्या. विचार करू म्हणाल्या. मी दर सोमवारी दहा वाजता त्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहायला लागलो. शिपाईदादा पहिल्या सोमवारी म्हणाले, “अर्ज ठेव आणि जा.” चौथ्या सोमवारी त्यांनी स्टूल दिलं. सातव्या सोमवारी नोटीस लागली. खोली नंबर सात रोज दहा ते पाच उघडी राहील, आणि मशिनं हलवायची नाहीत.

मी लगेच काकांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. आठवडाभर रोज लावला. शेवटी एका दुपारी त्यांचाच फोन आला. मी सात नंबरच्या बाहेर पॅसेजमध्ये होतो, तास नुकताच सुटला होता आणि सगळी गर्दी तिथेच होती. काका म्हणाले, “तुझे बरेच फोन दिसतायत. काय पेटलंय?”

“काका, सात नंबर उघडली. भंगारात नाही गेली. मुलांनी नवी यादी दिली.”

पलीकडे पाण्याची मोटर चालू होती.

“तू काय लिहिलंस?”

“नाही,” मी म्हणालो.

“मोठ्याने बोल. इथे रेंज नाही.”

मी भिंतीला टेकून होतो, तो सरळ उभा राहिलो. “नाही लिहिलं, काका. माझ्याकडे लॅपटॉप नाही.” पॅसेजमधली पंधरा-वीस मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली.

“आलं ऐकू,” काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.