आज कुणाचा सा?

आमच्या गाण्याच्या बाईंना घाई कशी ती ठाऊकच नव्हती. अर्धा तास तंबोरा जुळवण्यातच जायचा. डोळे मिटून खुंट्या पिळत बसायच्या. खिडकीबाहेर मुळशीचं धरण धुक्यात आणि आम्ही अर्धवट झोपेत. तारा घुमू लागल्या की वाटायचं, अख्खा वर्ग पाण्यावर तरंगतोय.

शाळा आंतरराष्ट्रीय. वर्गात कोरियाची मिन्जी, जर्मनीचा यानिक, नायजेरियाचा इमेका आणि बाबांच्या नोकरीपायी नागपूरहून इकडं आलेला मी. बाई मात्र इथल्याच, मुळशीच्या. आल्या आल्या विचारायच्या, "आज कुणाचा सा?" ज्याची पाळी त्याच्या गळ्याला सोसेल तो सूर तंबोऱ्यावर लागायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी त्यातच गायचं. मिन्जीच्या दिवशी आमच्या मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, बाप्पा! इमेकाच्या दिवशी बिचारी मिन्जी नुसती गुरगुरायची. एकदा यानिक वैतागून बाईंच्याच बोलीत म्हणाला, "न्हाई जमत, बाई!" बाईंची हसून हसून मुरकुंडी वळली. मग म्हणाल्या, "आरं, लोकाच्या घरी जेवाया जाताना आपलं ताट नेतो का आपन?"

आठवीत माझा आवाज फुटला. स्नेहसंमेलनात माझं एकट्याचं गाणं होतं आणि गळ्यातून निघायचा नुसता भोंगा. लाजेनं मेल्यासारखं झालं. गाणं सोडायचंच ठरवलं. पाळी आली तेव्हा सांगून टाकलं, "बाई, मला साच नाही."

"न्हाई कसा? मुक्काम हलवलाय त्यानं. चल, हुडकू." त्या खुंटी सैल करत गेल्या, मी घोगरत गेलो. हसायची कुणाची प्राज्ञा नव्हती. खूप खाली एक सूर लागला. "हितं हाय बघ!" पुढं रोज वर्ग सुटल्यावर माझ्यासाठी तंबोरा नव्यानं लागला. संमेलनात मी गायलो, आजही गातो. देवाशपथ सांगतो, बाई नसत्या तर गाणं तेव्हाच सुटलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. घशाचं ऑपरेशन झालेलं, शाळेतली नोकरी सुटलेली, तंबोऱ्यावर खोळ. "माजा सा गेला रं," त्या कुजबुजल्या. मला एकदम उमगलं, जन्मभर आमच्या सुरात गाणाऱ्या या बाईंचा स्वतःचा सा तंबोऱ्यावर कधी लागलाच नव्हता.

मी खोळ काढली. "बाई, आज तुमचा सा."

त्या नको नको म्हणत राहिल्या, मग त्यांनी डोळे मिटले. मी खुंटी सैल करत गेलो. बाहेर धरणाचं पाणी निवांत पडलेलं. बऱ्याच वेळानं, अगदी खाली, त्यांचा फुंकरीएवढा एक सूर तारेला येऊन टेकला. बाईंनी दचकून डोळे उघडले.

"हितं हाय की रं!"