देवाच्या हाती

मुलीला शिरूरजवळच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये घातलं, तेव्हा मुख्याध्यापिकांना मी एकच प्रश्न विचारला होता. चॅपलला जावंच लागेल का?

"बसावं लागेल," त्या म्हणाल्या. "हात जोडायचे की नाही, ते तिचं ती ठरवेल."

उत्तर स्पष्ट होतं. मला तेवढं पुरलं. मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत वजनकाट्यावर काम करतो. काट्यावर जे दिसेल तेच लिहायचं, अशी सवय लागलेली. पत्नीचं डायलिसिस सुरू होतं, माझ्या पाळ्या सतत बदलत्या, आणि पाचवीतल्या मुलीकडे बघायला घरी कुणी नव्हतं. भाऊ-भावजय शेजारीच राहतात, पण त्यांचा दिवस शेवंतीच्या तोडणीत जातो. दुसरा मार्ग असता तर मी तिला एवढ्या लांब ठेवलं नसतं.

भावाला हे पसंत नव्हतं. मुलगी दिवाळीला घरी आली, ताटावर बसली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. भाऊ म्हणाला, "काय वो पास्टरीणबाई, झालं का आमचं जेवान पवित्र?"

"पवित्र नाही काका, गार झालं. जेवा आता."

पत्नी खाटेवर पडून हसली. त्या महिन्यात ती तेवढीच हसलेली मला आठवते.

भेटीचा दिवस रविवारचा. आधी उपासना, मग भेट. आलेले पालक चपला बाहेर काढून मागच्या बाकावर बसत. चॅपल म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली; समोर लाकडी क्रूस, एक पेटी, एक ढोलकी. मुलं मोठ्यानं गात, काही तर उगाचच ओरडत. गाणी झाली की चर्चचे पाळक प्रार्थनेला उभे राहत. ज्याला जे मागायचं असेल ते मुलं आदल्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंना सांगत आणि बाई ते पाळकांच्या कानावर घालत. कुणाच्या वडिलांचा ताप, कुणाचं गणित, एकाची तर हरवलेली शेळी. पाळक शेळीसाठीही तितक्याच गंभीरपणे मागत. मला हसू आलं नाही. आमच्या घरच्या अडचणीबद्दल आम्ही नातेवाइकांशी बोलायचं सोडून दिलं होतं, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच घड्याळाकडे वळायचा. इथे शेळीचंसुद्धा कुणीतरी ऐकून घेत होतं.

माझ्या मुलीचं मागणं दर रविवारी तेच असे. पाळक म्हणत, "हिच्या आईला बरं कर." मुलं म्हणत, "आमेन." मी हात मांडीवर ठेवून बसे. पत्नीच्या रक्ततपासणीतले क्रिएटिनिनचे आकडे मला पाठ होते. ते कमी होत ते तिला डायलिसिसच्या मशीनवर घेतल्यानंतर, आणि पुन्हा चढत. रविवारशी त्यांचा काही संबंध मला दिसला नाही. पण मुलीला मी हे कधी बोललो नाही. तिला झोप लागत होती, ती अभ्यास करत होती, आणि ते कशाच्या जोरावर चाललं होतं हे मला समजत होतं.

मग पत्नीचं शरीर मशीन घेईनासं झालं. सुई लावली की रक्तदाब इतका खाली जाई की मशीन बंद करावं लागे. दौंडच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "घरी न्या," ते म्हणाले. "ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या."

मी वसतिगृहाच्या बाईंना फोन केला. उद्या रविवारी मुलीला न्यायला येतोय, तोवर तिला काही सांगू नका, मीच सांगेन. बाई म्हणाल्या, "नाही सांगत, दादा. पण प्रार्थनेत घेऊ ना?" मी म्हटलं, घ्या. त्यात काय बिघडणार होतं?

रविवारी मी पोचलो तेव्हा उपासना सुरू झालेली होती. मागच्या बाकावर बसलो. मुलगी पुढे होती, तिनं मला पाहिलं नव्हतं. पाळकांनी एकेकासाठी मागितलं. मग तिचं नाव घेतलं, जरा थांबले आणि म्हणाले, "प्रभू, हिच्या आईला आम्ही तुझ्या हाती देतो."

त्यांच्यात हे धीराचं वाक्य आहे. माणूस सर्वांत सुरक्षित हातात आहे, असा त्याचा अर्थ. हे मला नंतर बाईंनी सांगितलं. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ एकच. माझ्या वडिलांच्या, म्हणजे मुलीच्या आबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, आता देवाच्या हाती. आणि त्याच दिवशी भावानं बहिणींना फोन लावले होते. मुलगी तेव्हा माझ्या शेजारी उभी होती.

ती बाकावरून उठली. "नका देऊ!"

पेटीवाल्याचा हात पेटीवरच राहिला. पाळकांनी डोळे उघडले.

"नका देऊ ना सर! माझी आई आहे ती. परत मागा."

पाळक वयस्क होते. काय घडलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला. त्यांनी समजूत घातली नाही. पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाले, "परत मागतो, प्रभू. हिची आई हिला परत दे." मुलांनी आमेन म्हटलं. मग मुलगी वळली आणि मागच्या बाकावर मी तिला दिसलो.

बाईंनी तिची पिशवी भरून आणली. त्या रडत होत्या. "दादा, माझंच चुकलं का?" मी म्हटलं, नाही. दुसरं काय म्हणणार?

ती मोटारसायकलवर मागे बसली आणि आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्यानं घरी निघालो. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमुळे मला सारखं थांबावं लागत होतं. पारगावच्या भीमेच्या पुलाअलीकडे तिनं माझा शर्ट ओढला. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं.

"आबांसारखं झालंय ना?"

"हो."

"मशीन?"

"बंद केलं. आईला सोसत नाही. आता घरी आहे."

"पण त्यांनी परत मागितलं की."

"मागितलं. पण डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही. मी तुला खोटं सांगणार नाही."

"तुम्ही मागितलं?"

"मला ते येत नाही, बाळा."

"त्यात येण्यासारखं काय असतं?" ती ओरडली. शेजारून जाणारा ट्रॅक्टरवाला वळून बघू लागला. "नुसतं मागायचं असतं! तेवढंपण नाही केलं तुम्ही!"

मी दोन वर्षं रिपोर्ट वाचले, डॉक्टर बदलले, पथ्याचं पाणी मापून दिलं. जे मोजता येत होतं ते सगळं केलं. तिला मी हे सांगू शकलो असतो. पण त्यातल्या एकाही गोष्टीनं तिची आई वाचत नव्हती. तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला लवकर."

घरापुढे चपला पडल्या होत्या. अंगणातल्या बायका मुलीला बघून पदर तोंडाला लावू लागल्या. ती त्यांच्यामधून सरळ आत गेली. भावजय खाटेच्या उशाशी बसली होती, ती उठून बाजूला झाली. पत्नीचा चेहरा सुजला होता, डोळे अर्धवट मिटलेले. मुलगी खाली वाकली. मग पत्नीनं डोळे उघडले.

"सुट्टी लागली व्हय गं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो.

"हो आई. लागली."

"किती दिस हाय?"

"भरपूर," ती म्हणाली आणि आईच्या अंगावरची चादर नीट करू लागली. बाहेर भाऊ फोनवर कुणाला तरी घरचा रस्ता सांगत होता.