अक्कलदाढेची लागवड

जगातल्या झाडून सगळ्या प्रश्नांची उत्तरं मोसंबीच्या बागेत सापडतात असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बदनापूरला त्यांची रोपवाटिका. कुणाचं लग्न जमेना, तर म्हणत बूड मोकळं करा. कुणाचं पोरगं अभ्यास करीना, तर छाटणी करा. मी शाळामास्तर म्हणून मला गुरुजी म्हणत आणि शिकवत मात्र मलाच. लावलेल्या रोपाला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला कायदा. तो रोज सकाळी तेच मोडत. नवं रोप हळूच हलवून बघत आणि आम्ही पाहिलं की आमच्यावरच डाफरत.

दुसरा कायदा त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, वारल्यावर निघाला. पुण्याची लेक इकडे या म्हणून विनवायची आणि हे म्हणायचे, "जुनं झाड उपटलं की वाळतंच." दोन वर्षं एकटे राहिले. संध्याकाळी सवयीने दोन कप चहा करायचे आणि दोन्ही स्वतःच पिऊन टाकायचे.

मग सुपारी फोडताना त्यांची दाढ दुभंगली. जालन्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ही काढावी लागेल, पण मागची अक्कलदाढ धड आहे, ती उपटून या जागी लावता येईल. साडूभाऊंचे डोळे चमकले.

"मुळाची माती सोडू नका बरं," ते म्हणाले.

मी ओशाळलो. पण मुळावरचं पातळ आवरण जपणं हेच खरं काम असतं, असं बाईच म्हणाल्या. झालं! दाढेची पूर्वेकडची बाजू पूर्वेलाच ठेवा, असंही साडूभाऊंनी सुचवलं. झाड हलवताना ते तशी खूण करत. शेवटी बाईंनी त्यांच्या तोंडात कापूस भरला.

अक्कल एक घर पुढे सरकली, असं मी म्हटलं, पण त्यांना हसायची परवानगी नव्हती. दाढ शेजारच्या दाताला तारेने बांधलेली. जबड्याचं हाड भरून यायला काही महिने लागणार, तोवर तिला डिवचायचं नाही. जन्मभर रोपं हलवलेल्या माणसाला हे कसं जमावं? रोज फोन यायचा, "गुरुजी, अजून हलून राह्यली." हात लावू नका म्हटलं, की म्हणत, "हात कुठं? जीभ लावल्ती."

चौथ्या महिन्यात बाईंनी एक्स-रे दाखवला. आधी दाढेभोवती काळी पोकळी होती, तिथे आता पांढरं हाड भरलं होतं. "जीव धरला," साडूभाऊ हळूच म्हणाले. मी कधी नव्हे ती संधी साधली.

"साठीतल्या जबड्यात जुनी दाढ नव्या जागी लागली, साडूभाऊ. वाळली न्हाई."

बदनापूर येईपर्यंत ते जिभेने दाढ चाचपत होते. वादात मी त्यांना हरवल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तो मलाच महागात पडला. पुढच्या महिन्यात रोपवाटिका पुतण्याच्या हवाली करून ते लेकीकडे गेले. मग मीच रोज फोन करू लागलो. जेवलात का, करमतं का. परवा विचारलंच, जीव धरला का म्हणून.

 ते म्हणाले, "अजून हलून राह्यलो, गुरुजी. रोज हलवून बघू नका."

तेव्हापासून मी फोनला हात लावलेला नाही. फार जड जातंय.