उघड्या गळ्याची नायिका

तो पिक्चर पाहायची माझी इच्छा पुण्यातल्या हॉस्टेलपासूनची. मी ज्वारीच्या काढणीला घरी आले आणि मागे मैत्रिणींनी तो पाहून घेतला. जुना, युरोपातला, ब्लॅक अँड व्हाइट. डोंगरावरचा किल्ला आणि मानेला चावून रक्त पिणारा उमराव. आठवडाभर दिवा लावून झोपलो, असं सांगून त्यांनी मला पुरतं जळवलं. गेल्या हिवाळ्यात लेकीने तो आमच्या शिरूरच्या घरी टीव्हीवर लावून दिला आणि पुण्याला निघून गेली.

मी धाकट्या जावेलाही बोलावलं. पंधरा दिवसांपूर्वी बिबट्याने तिच्या डोळ्यांदेखत गोठ्यातलं वासरू नेलं होतं. तेव्हापासून तिला झोप नव्हती. बिबट्या मान धरतो, म्हणून आमच्याकडे उसाच्या कडेला काम करणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, टोकं बाहेर. बाकीच्या घरी आल्या की तो खुंटीला अडकवतात. ही पट्ट्यासकट भाकरी थापायची आणि रात्रभर भिंतीला टेकून बसायची. डॉक्टरांच्या गोळ्यांना हात लावत नव्हती. खोट्या भुताला पाहून एकदा मनसोक्त किंचाळली, तर जरा मोकळी होईल, असा माझा हिशोब.

दुपारी दोनला सुरू केलं. पहिला पाऊण तास घोडागाडी चालली होती. मग धुकं आलं, डाळिंबावर ब्लोअरने औषध फवारल्यासारखं, एकाच कोपऱ्यातून. वटवाघूळ आलं, त्याची तार मला चष्मा न लावता दिसली. यासाठी मी तीस वर्षं थांबले होते!

शेवटी नायिका गाऊन घालून एकटीच बागेत निघाली.

"बाई, हिचा गळा उघडाच हाय की," जाऊ म्हणाली.

"तिकडं तशीच फॅशन असते."

"बॅटरी न्हाई, काठी न्हाई. मोबाईलवर गाणं तरी लावायचं."

"अगं, तेव्हा मोबाईल कुठले?"

"मग दोघींनी जायचं."

चुलतसासरे आप्पा पेपर न्यायला आले होते, ते दारातच थांबले. "त्यो काळ्या झग्यातला कोण?"

"रक्त पितो तो, आप्पा."

"कवा पिणार? मी आल्यापासून जिनाच उतरतोय." पेपर घेऊन ते निघून गेले.

उमराव खरंच जिना उतरत होता. खाली आला, पुन्हा वर गेला. खालची इंग्रजी अक्षरं मी जावेला मराठीत सांगत होते. कोणीतरी शवपेटीवर लांबलचक भाषण देत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की शेजारून हुंकार येत नाही. वळून पाहिलं. पट्टा टीपॉयवर, ही माझ्या नव्या उशीवर आडवी, तोंड उघडं, चक्क घोरत होती. उशीला खिळ्यांनी दोन भोकंही पडली होती. म्हणूनच काढला असावा.

आवाज बंद करावा तर जाग येईल, म्हणून चालू ठेवून उरलेला तासभर मी एकटीने सोसला. उमराव शेवटी उन्हात वितळला. तेही नीट नाही.

पाचला ती उठली, खिडकीतून किती उजेड उरलाय ते पाहिलं आणि पट्टा गळ्यात अडकवून दाराशी गेली.

"उद्या कोणता लावू?" मी विचारलं. "चांगला बघून ठेवते."

"नगं, बाई. ह्योच लावा."

तो मी आतापर्यंत नऊ वेळा पाहिला आहे.